सरकारी मानसिक आरोग्यसेवेचा निधी आणि मनुष्यबळ: मुंबईकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई, ठाणे आणि आसपासच्या भागांतील शुभार्थी (मानसिक आजार असलेल्या व्यक्ती), त्यांचे शुभंकर (त्यांची काळजी घेणारे नातेवाईक व इतर), समाजकार्य व मानसशास्त्राचे विद्यार्थी आणि सरकारी रुग्णालयांतील कर्मचारी आम्हाला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांतून हे पान तयार झाले आहे. एखाद्या मुद्द्याचे उत्तर दुसरीकडे आले असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. कोणते औषध घ्यावे, कोणाकडे दाखवावे असे वैद्यकीय प्रश्न इथे घेतलेले नाहीत. सेवेसाठी लागणारा पैसा आणि ती सेवा देणारी माणसे एवढाच या पानाचा विषय आहे. ज्यांना या क्षणी मदतीची गरज आहे त्यांनी वाचन बाजूला ठेवून १४४१६ या क्रमांकावर फोन करावा.

१. मुंबईत सरकारी मानसिक आरोग्यसेवा नेमकी कुठे मिळते आणि ती कोण चालवते?

ही सेवा मुंबईत एका छताखाली नाही, आणि निधीविषयीचा बराचसा गोंधळ तिथूनच सुरू होतो. परळचे केईएम, शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय, मुंबई सेंट्रलचे नायर आणि जुहूचे कूपर या रुग्णालयांतील मानसोपचार विभाग बृहन्मुंबई महानगरपालिकेचे आहेत. भायखळ्याचे जे. जे. रुग्णालय राज्याच्या वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहे. १९०१ मध्ये सुरू झालेले ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय राज्याच्याच, पण वेगळ्या, म्हणजे सार्वजनिक आरोग्य विभागाकडे आहे. मुंबई शहरात राज्याचे स्वतंत्र मनोरुग्णालय नसल्यामुळे ज्या रुग्णाला दीर्घकाळ दाखल ठेवावे लागते, त्याच्या कुटुंबाला बहुधा ठाण्याचीच वाट धरावी लागते. जिल्हा पातळीवरील जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम हा या सर्वांहून निराळा असून तो राष्ट्रीय आरोग्य अभियानातून चालतो.

२. या सेवेसाठी पैसा कुठून येतो?

पालिकेच्या रुग्णालयांचा पैसा पालिकेच्या अर्थसंकल्पातून येतो. हा अर्थसंकल्प २०२५-२६ मध्ये सुमारे ७४,४२७ कोटी रुपयांचा होता आणि त्याचा साधारण दहावा हिस्सा आरोग्यासाठी होता. जे. जे. आणि ठाण्याचे मनोरुग्णालय यांचा पैसा राज्याच्या अर्थसंकल्पातून, दोन वेगवेगळ्या विभागांच्या लेखाशीर्षांखाली (अर्थसंकल्पातील खर्चाच्या नोंदींखाली) येतो. जिल्हा कार्यक्रमाच्या खर्चात केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के असतो. व्यसनमुक्ती केंद्रांचे अनुदान सामाजिक न्याय खात्याकडून येते (प्रश्न १३), आणि दिव्यांगत्वाशी जोडलेल्या सवलती डिसेंबर २०२२ मध्ये स्थापन झालेल्या राज्याच्या दिव्यांग कल्याण विभागाकडे आहेत.

एकाच घरातील एकाच व्यक्तीची गरज अशी पाच दारांत विभागलेली असते. स्किझोफ्रेनिया असलेल्या तरुणाला औषध एका खात्याकडून, दाखल होण्याची सोय दुसऱ्याकडून, दारू सोडवण्याची मदत तिसऱ्याकडून आणि प्रमाणपत्र चौथ्याकडून मिळवावे लागते. कोणत्याही एका खात्याच्या अंदाजपत्रकात त्याचा पूर्ण खर्च दिसत नाही, त्यामुळे तो अपुरा आहे हेही कोणाला दिसत नाही. आमच्या मते निधी वाढवण्याच्या मागणीइतकीच, पालिका आणि राज्य यांनी मानसिक आरोग्यावरील एकूण खर्च दरवर्षी एका तक्त्यात मांडावा, ही मागणी महत्त्वाची आहे.

३. पैसा खरोखरच कमी आहे, की असलेला पैसा खर्च होत नाही?

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या एकमेकींना जन्म देतात.

पैसा कमी आहे, हे आकड्यांवरून स्पष्ट दिसते. २०२३-२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मानसिक आरोग्यासाठी थेट दाखवलेली तरतूद सुमारे ९१९ कोटी रुपये होती, म्हणजे आरोग्य मंत्रालयाच्या तरतुदीच्या जेमतेम एक टक्का. त्यातले सुमारे ७२१ कोटी एकट्या बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेसाठी होते. जिल्हा कार्यक्रमाचा पैसा आरोग्य अभियानाच्या एकत्रित निधीत असल्यामुळे तो या आकड्यात धरलेला नाही, हे लक्षात घ्यावे. पण तो वेगळा दिसत नाही, हीच एक अडचण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या पाहणीनुसार जगभरातील देशांचा मध्यक (क्रमाने मांडल्यास मधोमध येणारा) खर्च सरकारी आरोग्यखर्चाच्या २.१ टक्के होता, आणि तोही पुरेसा नाही, असेच त्या पाहणीचे म्हणणे होते.

दुसरी बाजू मार्चअखेर दिसते. या सेवेत यंत्रसामग्री थोडी लागते. खर्चाचा मोठा भाग पगाराचा असतो. मानसोपचारतज्ज्ञाचे किंवा मानसशास्त्रज्ञाचे पद रिक्त राहिले, की त्या पदाचा पगार खर्च होत नाही. तो निधी वर्षअखेर प्रत्यर्पित होतो, म्हणजे न वापरता परत जातो, सुधारित अंदाजात तरतूद खाली येते आणि पुढच्या वर्षी वित्त विभाग विचारतो की मागचाच पैसा पडून होता, तर आणखी कशासाठी हवा. रिक्त पद अशा रीतीने स्वतःचाच निधी घटवत जाते. म्हणून निधी आणि मनुष्यबळ हे दोन प्रश्न आम्ही वेगळे मानत नाही. पद मंजूर होणे, ते भरले जाणे आणि त्यावरील माणूस टिकणे या तिन्ही गोष्टी घडल्या तरच अर्थसंकल्पातला आकडा रुग्णापर्यंत पोहोचतो.

४. मानसोपचारतज्ज्ञ किती असायला हवेत आणि प्रत्यक्षात किती आहेत?

देशात दर एक लाख लोकसंख्येमागे ०.७५ मानसोपचारतज्ज्ञ आहेत, हा आकडा संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने २०२३ च्या अहवालात दिला असून किमान तीन असावेत, असे लक्ष्य धरले आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ३१ नुसार लोकसंख्येच्या प्रमाणात आंतरराष्ट्रीय मानकांइतके मनुष्यबळ उभे करण्यासाठी सरकारने कायदा लागू झाल्यापासून दहा वर्षांत प्रयत्न करायचे आहेत. कायदा २९ मे २०१८ रोजी लागू झाला, म्हणजे ही मुदत मे २०२८ मध्ये संपते.

मुंबईत खासगी मानसोपचारतज्ज्ञ बरेच आहेत, त्यामुळे शहराची सरासरी फसवी ठरते. गोवंडीतील किंवा मालवणीतील कुटुंबाला परवडणारा डॉक्टर सरकारी बाह्यरुग्ण विभागातच भेटतो, आणि त्याच विभागात पालघर व रायगडचेही रुग्ण पहाटेची लोकल पकडून आलेले असतात.

आणखी एक उणीव सांगणे आवश्यक आहे. निमहान्सने २०१५-१६ मध्ये केलेले राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण १२ राज्यांत झाले आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता. देशातील प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी मानसिक आजार होता आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपासून दूर होते, हे त्या सर्वेक्षणाचे निष्कर्ष आपण महाराष्ट्रातही वापरतो. पण ते आपल्या राज्यात मोजलेले नाहीत.

५. डॉक्टरांची संख्या वाढवली की प्रश्न सुटेल ना?

नाही, सुटणार नाही. डॉक्टर निदान करतो आणि औषध लिहितो. ते औषध दोन वर्षे न चुकता घेतले जाण्यासाठी घरच्यांशी बोलणारा समाजसेवक लागतो, आजाराचे व क्षमतांचे मोजमाप करणारा आणि मानसोपचार देणारा मानसशास्त्रज्ञ लागतो, आणि वॉर्डात चोवीस तास रुग्णासोबत राहणाऱ्या परिचारिका व परिचर लागतात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या रचनेत म्हणूनच मानसोपचारतज्ज्ञाबरोबर चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट), मानसोपचार समाजसेवक, मानसोपचार परिचारिका आणि समुदाय परिचारिका अशी पदे ठेवलेली आहेत. चमूतील एक पद रिकामे राहिले, तर त्याचे काम उरलेल्यांवर पडते, आणि ते बहुधा बाह्यरुग्ण विभागातील घाईत हरवून जाते.

६. समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ आणि चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ यांत फरक काय? सरकारी पदासाठी कोण पात्र असते?

चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ होण्यासाठी भारतीय पुनर्वसन परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम आणि तिच्याकडील नोंदणी लागते. केवळ एम. ए. मानसशास्त्र ही पदवी त्या पदासाठी पुरत नाही, आणि जाहिरात पाहून अर्ज करणाऱ्या अनेक तरुणांचा हिरमोड इथेच होतो. मान्यताप्राप्त संस्था मोजक्या आणि तेथील जागा त्याहून मोजक्या असल्यामुळे पदे निघाली तरी पात्र उमेदवार मिळत नाहीत. त्यातच विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमावलीत एम. फिल., म्हणजे या पदासाठीची रूढ पदवी, बंद केली, पण या विषयापुरती आणि मानसोपचार समाजकार्यापुरती ती २०२५-२६ पर्यंत चालू ठेवण्याची मुभा दिली. सेवाप्रवेश नियमांत जुन्या पदवीचेच नाव राहिले, तर नव्या अभ्यासक्रमांतून बाहेर पडलेले विद्यार्थी तांत्रिक कारणाने नाकारले जातील. त्यामुळे हे नियम वेळेत सुधारणे ही आज करता येण्याजोगी, जवळपास बिनखर्चाची गोष्ट आहे.

समुपदेशक, इतर मानसशास्त्रज्ञ, मानसोपचार समाजसेवक आणि मानसिक आरोग्य साहाय्यक यांचा समावेश २०२१ च्या सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्यात करण्यात आला आहे. त्या कायद्यानुसार राज्य परिषदेची नोंदवही पूर्ण झाली, तर नेमणूक करणाऱ्यांना पात्रता पडताळणे सोपे होईल.

७. "पदे भरली" असे सांगितले जाते, तरी दर वर्षी नवा चेहरा का दिसतो?

कारण यांतील बरीच पदे कंत्राटी असतात. आरोग्य अभियानातील नेमणुका सहसा ११ महिन्यांच्या असतात आणि एक-दोन दिवसांच्या तांत्रिक खंडानंतर त्या पुन्हा दिल्या जातात. वेतन ठोक असते, बढतीचा मार्ग नसतो, निवृत्तिवेतन नसते, आणि मुंबईत त्या पगारात भाड्याचे घर मिळत नाही. खासगी रुग्णालयाने किंवा शाळेने थोडे अधिक दिले की प्रशिक्षित माणूस निघून जातो, आणि त्याला दोष देता येत नाही.

इतर विभागांतही कर्मचारी बदलतात, पण मानसिक आजारात या बदलाची किंमत रुग्ण थेट मोजतो. ज्या बाईंपाशी एखाद्या मुलीने अनेक भेटींनंतर घरातील अत्याचाराबद्दल तोंड उघडले, त्या बाई पुढच्या महिन्यात तिथे नसतील, तर ती मुलगी सगळे पुन्हा पहिल्यापासून कोणाला सांगणार? आम्हाला येणाऱ्या पत्रांत "आधीच्या मॅडम कुठे गेल्या" हा प्रश्न औषधांच्या प्रश्नाइतकाच वेळा येतो.

उपाय माहीत नाही, असे नाही. वाढलेल्या रुग्णसंख्येनुसार सुधारित आकृतिबंध (पदांचा आराखडा) मंजूर करून ही पदे नियमित आस्थापनेवर आणणे, हाच तो उपाय आहे. केंद्राने मनुष्यबळ विकासासाठी देशभरात २५ उत्कृष्टता केंद्रांना मदत दिली, त्यांत पुण्याची महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थाही आहे. तिथेही केंद्राच्या मदतीचा काळ संपल्यावर आवर्ती खर्च राज्याने उचलावा, अशीच अट होती. केंद्राचा पैसा पदे उभी करू शकतो. ती वर्षानुवर्षे टिकवण्याचे काम राज्याच्या तिजोरीलाच करावे लागते.

८. मी सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे. मानसोपचाराचे प्रशिक्षण घेतल्यावर माझी बदली दुसऱ्याच वॉर्डात झाली. असे का होते?

बहुतेक ठिकाणी परिचारिकांच्या बदल्या ज्येष्ठता आणि फेरपालट पाहून होतात. कोणी कोणते विशेष प्रशिक्षण घेतले आहे, हे त्या यादीत पाहिले जात नाही. मानसोपचार परिचारिकेचे स्वतंत्र पद मंजूर असेल, तरच प्रशिक्षित व्यक्तीला तिथे ठेवण्याचे बंधन प्रशासनावर येते. आपण आपल्या संघटनेमार्फत दोन गोष्टी मागाव्यात: प्रशिक्षणानंतर त्या विभागात ठरावीक वर्षे काम करण्याची हमी आणि पात्रतेसाठी वेतनात वाढ. प्रशिक्षणावर सरकारचाच पैसा खर्च झालेला असल्यामुळे ही मागणी प्रशासनाच्याही हिताची आहे.

९. टेली-मानस सुरू झाले आहे. मग आणखी पदांची गरज काय?

टेली-मानस ही फोनवरून मानसिक आरोग्याची मदत देणारी केंद्राची सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत आणि मराठीसह अनेक भाषांत उपलब्ध आहे. रात्री दोन वाजता एकट्याने तळमळणाऱ्या माणसाला तो खरा आधार आहे, आणि ज्यांना मानसोपचार विभागाची पायरी चढायला संकोच वाटतो त्यांच्यासाठी तो पहिला दरवाजा आहे. मात्र फोनवरील समुपदेशक पुढे ज्याच्याकडे पाठवणार, तो माणूस जिल्ह्यात हजर असावा लागतो. दाखल करणे, रक्त तपासणे, घरभेट देणे आणि प्रमाणपत्र देणे यांपैकी काहीही फोनवर होत नाही. शिवाय या योजनेची केंद्रीय तरतूद २०२३-२४ मध्ये सुमारे १३४ कोटी होती आणि पुढच्या वर्षी ती ९० कोटींवर आली.

१०. आशा सेविका किंवा गावातील प्रशिक्षित व्यक्ती मानसिक आजारावर काम करू शकतात, हे खरे वाटत नाही. याला आधार आहे का?

आधार महाराष्ट्रातलाच आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत झालेल्या 'विश्राम' प्रकल्पात स्थानिक कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन नैराश्याची ओळख, समुपदेशन आणि डॉक्टरांकडे पाठवणी अशी साखळी उभारण्यात आली. नैराश्य असलेल्यांपैकी आरोग्यसेवेपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदवले आहे. विदर्भ व मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत राज्याने सुरू केलेल्या प्रेरणा प्रकल्पातही घरोघरी जाऊन तणावाखालील शेतकरी कुटुंबे हेरण्याचे काम आशा सेविकांवरच सोपवलेले आहे.

तरीही आमचा एक आग्रह आहे. आशा सेविकेच्या अंगावर लसीकरण, बाळंतपणे, क्षयरोग आणि असंख्य नोंदी आधीच आहेत. मानसिक आरोग्याचे काम त्यांत भर म्हणून, वेगळ्या मोबदल्याविना आणि तिला सल्ला देणाऱ्या तज्ज्ञाविना टाकले, तर ते कागदावरच राहील. 'विश्राम'मध्ये कार्यकर्त्यांच्या पाठीशी समुपदेशक आणि मानसोपचारतज्ज्ञ होते, आणि यशाचा तो भाग सोयीस्करपणे गाळून चालणार नाही. मुंबईतील वस्त्यांत पालिकेच्या आरोग्यसेविका हे काम करू शकतील. पण त्यासाठीही देखरेख करणारे पद आधी निर्माण करावे लागेल.

११. औषधे मोफत मिळायला हवीत ना? मग बाहेरून आणायला का सांगतात?

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम १८ नुसार अत्यावश्यक यादीतील औषधे ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीपासून वरच्या सर्व सरकारी रुग्णालयांत नेहमी मोफत मिळायला हवीत. प्रत्यक्षात खरेदीचे दरकरार लांबले की साठा संपतो. औषध उपलब्ध नसल्यास तशी नोंद केस पेपरवर करून मागावी. तोंडी उत्तराचा पुढे काहीच उपयोग होत नाही.

इथे एक सहज निसटणारा खर्चही आहे. लिथियम घेणाऱ्याच्या रक्तातील लिथियमची पातळी आणि क्लोझापिन घेणाऱ्याच्या पांढऱ्या पेशी नियमित तपासाव्या लागतात. औषध मोफत आणि तपासणी खासगी प्रयोगशाळेत, अशी स्थिती असेल तर गरीब कुटुंब तपासणी टाळते, आणि ते धोक्याचे आहे. म्हणून औषधांच्या तरतुदीची मागणी करताना तपासण्यांचाही उल्लेख करावा.

१२. ठाण्यासारखी मोठी मनोरुग्णालये बंद करून तोच पैसा वस्तीपातळीवरील सेवांकडे का वळवू नये?

हा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात आणि त्यामागची तळमळ योग्य आहे. राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांची मंजूर खाटांची संख्या येरवडा २,५४०, ठाणे १,८५०, नागपूर ९४० आणि रत्नागिरी ३६५ अशी मिळून ५,६९५ होते. यांतील काही खाटांवर असे लोक आहेत ज्यांचा आजार आटोक्यात आहे, पण ज्यांना घेऊन जायला कोणी येत नाही. कलम १९ स्पष्ट सांगते की केवळ कुटुंबाने नाकारले, घर नाही किंवा बाहेर सोय नाही, एवढ्या कारणाने कोणालाही रुग्णालयात ठेवता येणार नाही. सरकारने त्यांच्यासाठी पुनर्वसनगृहे आणि समूहनिवास उभारायचे आहेत.

पण आधी रुग्णालय बंद आणि मग पर्याय, हा क्रम घातक ठरतो. मनोरुग्णालयांतून बऱ्या झालेल्या व्यक्तींना भिक्षेकरीगृहांत व वृद्धाश्रमांत हलवण्याचा प्रकार महाराष्ट्रात झाला होता, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो थांबवण्यास सांगितले. आमचे मत असे आहे की काही वर्षे दोन्हीकडे पैसा द्यावा लागेल. आधी पुनर्वसनगृह, तिथला कर्मचारीवर्ग आणि वस्तीतील पाठपुरावा उभा राहावा. त्यानंतर खाटा कमी कराव्यात आणि त्या खाटांवरचे कर्मचारी नव्या सेवेत सामावून घ्यावेत. हा दुहेरी खर्च टाळण्याचा मोह वित्त विभागाला होणारच, आणि त्या टप्प्यावर आवाज उठवणे आवश्यक आहे.

१३. व्यसनमुक्तीचा खर्च याच निधीतून होतो का?

अंशतः. दारू व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित अवस्था २०१७ च्या कायद्यातील मानसिक आजाराच्या व्याख्येत येतात, म्हणून सरकारी मानसोपचार विभाग त्यांवर उपचार करतात. स्वयंसेवी संस्थांच्या व्यसनमुक्ती केंद्रांना मात्र अनुदान सामाजिक न्याय मंत्रालयाकडून मिळते, आणि त्याच मंत्रालयाची १४४४६ ही मदतवाहिनी आहे. रुग्णांना ठेवून घेणाऱ्या केंद्राची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का, हे दाखल करण्यापूर्वी अवश्य विचारावे.

१४. माझ्या मुलाला बौद्धिक अक्षमता आहे. मानसिक आरोग्याच्या योजना त्याला लागू होतात का?

केवळ बौद्धिक अक्षमता ही या कायद्याच्या व्याख्येत येत नाही. त्यासोबत नैराश्यासारखा आजार असेल, तर त्या आजारापुरते सर्व हक्क मिळतात. आपल्या मुलासाठी राष्ट्रीय न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना आहे. तिचे एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी), बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी आहे. उलट, केवळ स्किझोफ्रेनिया असलेल्या व्यक्तीला निरामय मिळत नाही, आणि या गैरसमजातून अनेकांच्या फेऱ्या वाया जातात.

१५. विमा किंवा जनआरोग्य योजना असताना सरकारी निधीची एवढी चिंता का करावी?

शारीरिक आजाराला जसा विमा, तसाच मानसिक आजाराला द्यावा, असे कलम २१ सांगते, आणि विमा नियामक प्राधिकरणाने ऑगस्ट २०१८ मध्ये कंपन्यांना तसे निर्देश दिले. परंतु विमा काय आणि महात्मा फुले जनआरोग्य योजना काय, त्यांचा भर दाखल होऊन घेतलेल्या उपचारांवर असतो. मानसिक आजाराचा खर्च बहुतांशी बाह्यरुग्ण विभागात, महिन्यामागून महिने होतो, आणि आई किंवा वडील सोबत आले की त्या दिवसाची मजुरीही बुडते. हा भार पेलणारी व्यवस्था म्हणजे घराजवळचा, मोफत सरकारी बाह्यरुग्ण विभागच होय.

१६. आमच्याकडे मुंबईचे रेशनकार्ड नाही, आम्ही परराज्यातून आलो आहोत. मोफत उपचार नाकारता येतात का?

दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला, तिच्याकडे कार्ड असो वा नसो, तसेच निराधार व बेघर व्यक्तीला सरकारी मानसिक आरोग्य संस्थांत सर्व उपचार मोफत मिळण्याचा हक्क कलम १८ देते. कागदपत्रांसाठी अडवल्यास प्रथम रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवा विभागाला भेटावे. तिथे काम झाले नाही तर प्रश्न १९ पाहावा.

१७. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतून (सीएसआर) ही पदे भरता येणार नाहीत का?

पदे भरण्यासाठी तो निधी योग्य नाही. नियमांनुसार कंपनीचा चालू प्रकल्प सुरुवातीचे वर्ष सोडून तीन वर्षांपर्यंतच धरला जातो, तर आजार त्याहून कितीतरी अधिक काळ सोबत राहतो. प्रतीक्षागृह, प्रशिक्षण, पुनर्वसनगृहाची इमारत किंवा रुग्णांना ने-आण करणारे वाहन यांसाठी हा पैसा जरूर मागावा. पगार मात्र शासनाच्याच लेखाशीर्षातून यावा.

१८. सामान्य नागरिकाने निधी आणि पदे वाढावीत म्हणून काय करावे, आणि कधी?

वेळ चुकली की चांगली मागणीही वाया जाते. पालिकेचा अर्थसंकल्प फेब्रुवारीच्या सुरुवातीला आणि राज्याचा साधारणपणे मार्चमध्ये सादर होतो; त्यांतील तरतुदींचे प्रस्ताव मात्र त्याआधीच्या पावसाळ्यानंतरच विभागांत तयार होऊ लागतात. म्हणून सप्टेंबर ते डिसेंबर हा निवेदने देण्याचा खरा काळ आहे. राज्यात मधल्या अधिवेशनांत पुरवणी मागण्या मांडल्या जातात, तीही एक संधी असते.

निवेदनात "मानसिक आरोग्याकडे लक्ष द्यावे" असे मोघम लिहू नये. आधी माहितीच्या अधिकारात आपल्या भागातील रुग्णालयाबद्दल विचारावे: मानसोपचार विभागात मंजूर पदे किती, भरलेली किती, त्यांतील कंत्राटी किती, मागील तीन वर्षांत किती निधी मिळाला आणि किती प्रत्यर्पित झाला. ती उत्तरे जोडून, अमुक रुग्णालयात अमुक पद भरावे, अशी नेमकी मागणी आपल्या नगरसेवकांकडे आणि आमदारांकडे द्यावी. लोकप्रतिनिधींना सभागृहात वापरता येईल असा आकडा हवा असतो, आणि तो त्यांना सहसा कोणी देत नाही. शुभंकरांनी शक्य असल्यास स्वतः भेटावे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या नोंदीनुसार देशात सर्वाधिक, म्हणजे २२,७४६ आत्महत्या महाराष्ट्रात झाल्या. हा आकडा त्या भेटीत जरूर सांगावा, पण आपल्या घरच्या व्यक्तीला कोणत्या दिवशी कोणती सेवा मिळाली नाही, हे त्याआधी सांगावे.

१९. पद मंजूर आहे, पण वर्षानुवर्षे रिक्त आहे आणि त्यामुळे उपचार मिळत नाहीत. तक्रार कुठे करायची?

तक्रार कोणत्या स्वरूपाची आहे, त्यावर हे अवलंबून आहे. एखाद्या व्यक्तीला मिळालेल्या सेवेतील त्रुटीसाठी २०१७ च्या कायद्याखालील मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे अर्ज करता येतो. तो स्वतः शुभार्थी, त्याने नेमलेला प्रतिनिधी किंवा त्याच्या संमतीने नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी करू शकतो. त्यासाठी शुल्क नाही, आणि अर्ज ९० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न मंडळाने करायचा असतो. मंडळाचा निर्णय मान्य नसल्यास ३० दिवसांत उच्च न्यायालयात दाद मागता येते.

संपूर्ण जिल्ह्यात किमान सेवाच नसेल, तर त्याच जिल्ह्यातील अन्य मानसिक आरोग्यसेवा घेता येते आणि तिचा खर्च सरकारने उचलावा, असे कलम १८ म्हणते. ही तरतूद फार कमी लोक वापरतात. तिचा आधार घ्यायचा असेल, तर सरकारी रुग्णालयात सेवा उपलब्ध नसल्याची लेखी नोंद, खासगी उपचारांची सर्व बिले आणि औषधचिठ्ठ्या जपून ठेवाव्यात आणि प्रतिपूर्तीचा अर्ज जिल्हा शल्यचिकित्सकांकडे व त्याची प्रत राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे पाठवावी. रिक्त पदांचा प्रश्न अनेक रुग्णांना बाधत असेल, तर मंडळापुढील वैयक्तिक अर्जांऐवजी जनहित याचिका हा मार्ग आहे. कायद्याच्या अंमलबजावणीविषयी मुंबई उच्च न्यायालयात अशी याचिका यापूर्वी दाखल झालेली आहे. तिथे जाण्यापूर्वी प्रश्न १८ मध्ये सांगितलेली माहिती अधिकारातील उत्तरे हाताशी असणे आवश्यक आहे, कारण मंजूर आणि भरलेल्या पदांतील फरक शासनाच्याच कागदावरून दाखवता आला, तर वेगळा पुरावा गोळा करण्याचे काम बरेच कमी होते.